भीमाशंकर तेवढं येऊ द्या

तुमच्या ऑफिसच्या ई-मेलमध्ये कोणत्या शब्दांना प्रवेशबंदी आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?

नाही म्हणालात ना? सदर भागातल्या त्या ऑफिसातही सगळे नाहीच म्हणाले होते. ज्याने बंदी घातली होती तो तर सगळ्यांत मोठ्याने म्हणाला होता.

मी ऑफिसांचे कॉम्प्युटर दुरुस्त करते. दुरुस्त करते म्हणजे बहुतेक वेळा बंद असलेलं बटन चालू करते, आणि साहेबांना वाईट वाटू नये म्हणून त्याआधी पाच मिनिटं गंभीर चेहऱ्याने स्क्रीनकडे बघते. पासवर्ड कीबोर्डच्या खाली चिकटवलेला असतो. प्रिंटर 'मेलेला' असतो, कारण त्यात कागद नसतो. दसऱ्याला सीपीयूला हार घातलेला असतो, आणि त्या झेंडूच्या पाकळ्या पुढच्या दसऱ्यापर्यंत पंख्यात अडकून असतात. मी पाकळ्या काढते आणि म्हणते, "व्हायरस होता." सगळ्यांचं समाधान होतं. व्हायरस म्हटलं की कोणाचीच चूक नसते.

जरीपटक्याहून निघून मी दिवसभर गाडीवर फिरते. आज रामदासपेठेतला दवाखाना, उद्या सदरमधलं एखादं ऑफिस. कुठेही गेलं तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, सर कधी येतील?" मी सांगते की सर नाहीत, मीच आहे. मग ते माझ्या पाठीमागे दाराकडे बघतात. सर कदाचित गाडी लावत असतील, अशी आशा असते.

लहानपणी आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं फार नव्हती. पत्रकं होती. बाबा पत्रकं लिहायचे, छापून आणायचे आणि रविवारी बाजारात उभं राहून वाटायचे. शाळेत फीवाढ झाली की पत्रक, नळाला पाणी आलं नाही की पत्रक, वस्तीतल्या वाचनालयाचं कुलूप निघालं नाही की पत्रक. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच. माझ्या पहिलीच्या वहीत 'कमळ' आणि 'बदक' यांच्या मधेच 'जाहीर निषेध' हे शब्द होते. गुरुजींनी त्यालाही बरोबरची खूण केली होती.

प्रत्येक पत्रकाच्या तळाशी बाबा एक ओळ छापून घ्यायचे: वाचून फेका. मुद्रकाने अनेकदा सुचवलं की 'वाचून दुसऱ्याला द्या' असं लिहा, तशी पद्धत आहे. बाबांनी ऐकलं नाही. ते म्हणायचे, "लोक फेकते, मले माहीत आहे. फेका न! पण आधी वाचा, मंग फेका. न वाचता फेकता म्हणजे तुम्ही कागद नाही फेकून राहिले, माणूस फेकून राहिले." लोक त्या पत्रकांत चणे बांधून न्यायचे. बाबांची त्याला हरकत नव्हती. चणे संपले की माणूस कागद उलगडून बघतोच, असा त्यांचा अनुभव होता.

तर सदरमधलं ते ऑफिस. शाळा चालवणारी एक संस्था आहे, तिचं मुख्य कार्यालय. नाव सांगत नाही. नाव सांगितलं की बाकीच्या संस्था सुटल्यासारख्या निवांत होतील.

या संस्थेने अलीकडेच 'पेपरलेस' होण्याचं ठरवलं होतं. तसं जाहीर करणारं परिपत्रक प्रत्येक शाळेत कागदावर, दोन प्रतींत, पोच घेऊन गेलं. त्यात लिहिलं होतं की कंत्राटी शिक्षकांनी पुढच्या वर्षी काम करण्याची इच्छा असल्यास मुदतीच्या आत ई-मेलने कळवावं. कागदी अर्ज घेतला जाणार नाही. मेल आला नाही तर शिक्षक इच्छुक नाही असं समजण्यात येईल.

'समजण्यात येईल' हा शब्द मला फार आवडतो. त्यात समजणारा कोणीच नसतो.

मला तिथे बोलावणं आलं ते मे महिन्यात. ऑफिसात एकच मोठा कूलर होता आणि त्याचं तोंड माणसांकडे नसून कॉम्प्युटरकडे होतं. थंड हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंब उडून सीपीयूच्या पत्र्यावर बसत होते. तिथले हेडक्लार्क म्हणजे बडे बाबू. सगळे त्यांना बडे बाबूच म्हणत, बहुतेक घरीही. त्यांनी अभिमानाने सांगितलं, "आम्ही घामानं भिजलो तं चालते, मशीन गरम झाली नाही पाहिजे."

"मशीन भिजून राहिली बाबूजी."

"ते थंड राहावं म्हणून."

मग त्यांनी माझ्या मागे दाराकडे बघितलं. "सर कुठं आहे?"

तो कार्यक्रम आटोपल्यावर त्यांनी तक्रार सांगितली. संस्थेचे सचिवसाहेब सहकुटुंब भीमाशंकरला निघाले होते. तिथल्या एका भक्तनिवासात खोल्या घेतल्या होत्या. भक्तनिवासाचा माणूस म्हणत होता की मी पावतीचा मेल केला, परत केला, पुन्हा केला. इकडे एकही आला नव्हता. पावती दाखवल्याशिवाय खोली मिळणार नव्हती. साहेब सकाळपासून आपल्या केबिनमधून दर थोड्या वेळाने बाहेर येऊन एकच शब्द विचारत होते, "आलं?"

"अर्जंट आहे मॅडम," बडे बाबू म्हणाले. "बाकी सगळं बाजूला ठेवा."

बाजूला काय ठेवायचं ते दिसत होतं. बाजूला बाकावर एक बाई बसल्या होत्या. चाळिशीच्या पुढच्या असतील, हातात मोबाइल, मांडीवर पर्स, पायाशी पाण्याची बाटली. संस्थेच्या कामठी रोडवरच्या शाळेत त्या गणित शिकवत होत्या, कित्येक वर्षं, दर वर्षी नव्या कंत्राटावर. ज्या मुदतीत मेल यायला हवा होता, ती त्या दिवशी ऑफिस बंद होताना संपणार होती. त्यांनी मेल आधीच पाठवला होता. आला नाही म्हणून पुन्हा पाठवला होता. आणि तरीही ऑफिसच्या लेखी त्या 'इच्छुक नाहीत' अशा होत्या. शेवटी शाळेतल्या सुट्टीच्या जादा वर्गातून अर्धी रजा टाकून त्या इच्छुक असल्याचं तोंडाने सांगायला आल्या होत्या. तोंडाने सांगणं पेपरलेसमध्ये बसत नव्हतं.

"मॅडम, कितीदा सांगू तुम्हाले?" बडे बाबू त्यांना म्हणाले. "आलं नाही म्हणजे आलं नाही. कॉम्प्युटर खोटं बोलते का?"

"मंग माझा मोबाइल खोटं बोलून राहिला का बाबूजी? हे पहा न, गेला म्हणून दाखवते."

"गेला असंन. आला नाही."

मी मधे बोलले, "साहेबांचा मेल येत नाही आणि मॅडमचाही येत नाही. म्हणजे बिघाड एकच असेल."

"नाही नाही. त्यांचं वेगळं आहे."

"वेगळं काहून?"

"त्यांना पाठवता आलं नसंन बरोबर."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बेटा, मी पोरांना समीकरणं सोडवाले शिकवते. मले एक मेल पाठवता नाही येणार?"

मी कामाला लागले. आता कोणत्याही ऑफिसात बिघाड शोधायला बसलं की आधी निदान ऐकून घ्यावं लागतं. ते फुकट असतं आणि सगळ्यांकडे असतं. बडे बाबू म्हणाले नेट स्लो चालून राहिलं. साहेब केबिनच्या दारातून म्हणाले, "सर्व्हर डाऊन असेल, त्यांचं अमेरिकेत असतं ना." मग पुन्हा बडे बाबू म्हणाले की मागच्या आठवड्यात माऊस बदलला तेव्हापासूनच हे सुरू झालं.

मी नेट बघितलं, ठीक होतं. मेलबॉक्स भरलाय का बघितलं. काठोकाठ होता, पण अजून जागा होती. माझ्या मोबाइलवरून एक मेल पाठवला, 'टेस्ट' असा. लगेच आला. येताना स्पीकरमधून असा मोठा 'टिंग' झाला की बडे बाबू दचकले. आवाज पूर्ण वाढवलेला होता, कारण दुपारी ते भजनं लावत.

"म्हणजे मशीन चांगली आहे," ते म्हणाले.

मग स्पॅम उघडलं. माझी खात्री होती की बाईंचा मेल तिथेच पडला असणार. स्पॅममध्ये परदेशातल्या राजपुत्राने आपली इस्टेट संस्थेला देऊ केली होती. टकलावर केस उगवणारं तेल होतं. लॉटरी लागल्याची खबर होती, तीही संस्थेलाच. गणिताच्या बाई नव्हत्या. भीमाशंकरही नव्हतं.

बाईंना म्हटलं, आता माझ्यासमोर पाठवा. त्यांनी तोच मेल पुन्हा पाठवला. आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत उभे राहिलो. कूलर घरघरत होता. काही आलं नाही.

"बघा!" बडे बाबूंच्या आवाजात विजय होता.

मी बाईंचा मोबाइल घेतला, त्यांच्याच पत्त्यावरून नुसतं 'टेस्ट' लिहून पाठवलं. टिंग! आलं.

आता मात्र मला मजा वाटायला लागली. पत्ता तोच, मोबाइल तोच. 'टेस्ट' येतो आणि बाई येत नाहीत. मी साहेबांना सांगून भक्तनिवासाच्या माणसाला फोन लावायला लावला. त्या बिचाऱ्याने पुन्हा पावती पाठवली. नाही आली. फोनवर तो काकुळतीला आला होता, "साहेब, भगवान शंकराची शपथ, पाठवली हो." मग त्यालाही फक्त 'टेस्ट' लिहून पाठवायला सांगितलं. टिंग!

कामठी रोडवरची गणिताची शिक्षिका आणि सह्याद्रीतलं भक्तनिवास. या दोघांनी असं काय सारखं लिहिलं होतं, जे या मशीनला चालत नव्हतं?

मी बाईंना त्यांचा मेल वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी वाचला, वर्गात वाचावा तसा, स्पष्ट. "माननीय सचिव महोदय, सप्रेम जय भीम. मी आपल्या शाळेत गणित विषय शिकवीत असून पुढील वर्षी काम करण्यास इच्छुक आहे."

आमच्याकडे पत्राची सुरुवात अशीच होते. कोणी 'सप्रेम नमस्कार' लिहितं, कोणी 'सप्रेम जय भीम'. त्यात घोषणा नसते. माझ्या आत्याने लेकाला ताप आल्याचं पत्र त्याच्या हॉस्टेलला लिहिलं तरी वर 'सप्रेम जय भीम' असतं. मी स्वतः मात्र कामाच्या मेलमध्ये 'विथ रिगार्ड्स' लिहिते. मी ज्यांच्या दुकानाकडून दुरुस्तीला जाते त्या मालकाने पहिल्याच दिवशी तसं शिकवलं. म्हणूनच या ऑफिसला मी पाठवलेला बिलाचा एकही मेल कधी चुकला नव्हता, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं.

मी मेलच्या सॉफ्टवेअरमधलं 'रूल्स' उघडलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मेलला आपण हुकूम देऊन ठेवू शकतो. अमक्याचा मेल आला तर तो या कप्प्यात टाक, अमका शब्द दिसला तर लाल खूण कर. एकदा हुकूम दिला की मशीन तो विसरत नाही. देणारा विसरतो.

तिथे एकच रूल होता. विषयात किंवा मजकुरात पुढील अक्षरं असतील तर मेल कायमचा डिलीट करा. आणि पुढे अक्षरं होती: भीम. शेजारी तीच अक्षरं इंग्रजीतही. बंदोबस्त दोन्ही लिप्यांत होता.

कायमचा डिलीट. म्हणजे राजपुत्र आणि केसतेल यांच्या शेजारी स्पॅममध्येही जागा नाही. कचऱ्याच्या डब्यातही नाही. दारातच संपवायचं.

आणि मशीन बिचारी अक्षरं ओळखते, माणसं ओळखत नाही. तिला सांगितलं होतं 'भीम' दिसला की मारा. ती मारत होती. 'जय भीम' मधला मारला, आणि 'भीमाशंकर' मधलाही. साहेबांचं ज्योतिर्लिंग गणिताच्या बाईंच्या मागोमाग त्याच खड्ड्यात गेलं होतं. इतका नि:पक्षपाती कारभार त्या ऑफिसात दुसऱ्या कोणी केल्याचं मी पाहिलेलं नाही.

मी हसले. खरं सांगते, आधी हसूच आलं. मग बाईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. त्या स्क्रीनवरची ती अक्षरं पुन्हा पुन्हा वाचत होत्या, जसं एखाद्या गणितात रीत कुठे चुकली ते बघावं.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"व्हायरस असंन," बडे बाबू म्हणाले.

"व्हायरस मराठीत टाइप करत नाही बाबूजी."

"मले काही माहीत नाही. आम्ही कोणीच असं नाही करत." हेच ते मोठ्याने म्हटलेलं 'नाही'. मग जरा थांबून, "म्हणजे... तुमच्या आधी जो पोरगा यायचा, त्याले मी म्हटलं होतं. एप्रिलमध्ये लय मेल येते न. जयंतीचे, शुभेच्छांचे. डबा भरून जाते. काम करता येत नाही. मी म्हटलं, हे थांबव गा काही तरी करून. त्यानं केलं असंन."

"डबा कशाने भरतो ते बघू या का?"

मी मेल आकाराप्रमाणे लावले, सगळ्यांत जड वर. वर आले दिवाळीचे दिवे. ते हलत होते. खाली लक्ष्मीची पावलं, तीही चालत होती. फुटणारे फटाके, उगवणारा सूर्य आणि त्याच्याखाली गुलाबाचं गुड मॉर्निंग, रोजचं. साहेबांच्या वाढदिवसाचा केक, प्रत्येक शाळेकडून वेगळा. होळी, संक्रांत, एकवीस मोदकांचं ताट. मी खाली खाली जात राहिले आणि मोदक संपेनात.

"डबा याने भरलाय बाबूजी. यांच्यासाठी रूल काहून नाही लावला?"

"ते सणाचं आहे न."

"आणि जयंती?"

"ते..." बडे बाबूंनी कूलरकडे बघितलं, जणू तो काही सुचवेल. "ते त्यांचं आहे."

'त्यांचं' ज्यांचं होतं त्या तिथेच हातभर अंतरावर उभ्या होत्या.

एवढ्यात साहेब बाहेर आले. "आलं?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. साहेब माणूस चांगला होता. असे साहेब नेहमीच चांगले असतात. ते ऐकून त्यांना मनापासून वाईट वाटलं. "छे छे छे. हे चुकीचं आहे. अगदी चुकीचं. आपल्या संस्थेत असं काही नाही. मी स्वतः जयंतीला हार घालतो. फोटो आहे."

"मग हा रूल काढते साहेब."

"थांबा. काढू नका." ते विचारात पडले. "काढला की एप्रिलमध्ये पुन्हा तोच त्रास. तुमच्या या सॉफ्टवेअरमध्ये अपवाद करता येतो का? म्हणजे असं करा, भीमाशंकर तेवढं येऊ द्या. बाकीचं आहे तसं राहू द्या. मग सावकाश कमिटीपुढे ठेवू."

"कमिटीपुढे काय ठेवणार साहेब?"

"हाच विषय. शब्दांचा."

अपवाद करता येतो, वाचकहो. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे. 'हे शब्द असल्यास डिलीट करा, मात्र हे असल्यास करू नका.' माऊसच्या दोन टिचक्यांत देव आत आला असता आणि बाई बाहेर राहिल्या असत्या. एवढी स्वस्त, एवढी नीटनेटकी व्यवस्था आपल्याकडे फार पूर्वीपासून चालत आलेली आहे. तिला कॉम्प्युटर तेवढा नव्याने मिळाला.

बडे बाबूंना मात्र आता बाईंची खरोखर काळजी वाटू लागली. ते मायेने म्हणाले, "मॅडम, तुम्ही कशाले टेन्शन घेता? तेवढे दोन शब्द काढून पाठवून द्या न. आत्ता येते. साधं नमस्कार लिहा. नमस्कार तं सगळ्यांचाच आहे."

बाईंनी मोबाइल समोर धरला. मला वाटलं, काढतील. काढले असते तर मी काय म्हणणार होते? नोकरी त्यांची होती, घड्याळ पाचाकडे चाललं होतं, आणि दोन शब्द काढल्याने समीकरण सुटत होतं. माझ्यासारखीला तत्त्व सांगायला काय जातं? मी संध्याकाळी जरीपटक्याला जाऊन जेवणार होते.

त्यांनी मोबाइल खाली घेतला.

"बाबूजी, आतापर्यंत मशीननं अडवलं. मशीनले अक्कल नसते, मी समजून घेतलं. आता तुम्ही अडवून राहिले."

"मी कुठं अडवून राहिलो? मी तं रस्ता सांगून राहिलो."

"मले रस्ता माहीत आहे. वर्गात दीडशहाणं पोरगं असते न एखादं, ते म्हणते, मॅडम, ही संख्या काढून टाकली तर उत्तर बरोबर येते. मी त्याले म्हणते, संख्या दिलेली आहे बेटा. ती काढता येत नाही." मग माझ्याकडे वळून, "मी पाठवून राहिली. जसंच्या तसं. आलं तं आलं. नाही आलं, तं सगळ्यांच्या समोर नाही येणार."

साहेब म्हणाले, "एक मिनिट, एक मिनिट."

माऊस माझ्या हातात होता. त्या ऑफिसात माझ्या वाट्याला आलेली तेवढीच सत्ता. मी रूलवर गेले आणि डिलीट दाबलं. सॉफ्टवेअरने विचारलं, नक्की काढायचा? मी म्हटलं, हो.

बाईंनी 'पाठवा' दाबलं.

कूलर घरघरत होता.

टिंग!

इतक्या मोठ्याने की केबिनमधल्या साहेबांच्या खुर्चीलाही कळलं असेल. इनबॉक्समध्ये सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत, बाईंचा मेल. आणि सॉफ्टवेअर मजकुराची पहिली ओळ बाहेरच दाखवतं, त्यामुळे न उघडताही वाचता येत होतं: माननीय सचिव महोदय, सप्रेम जय भीम.

"आला," बडे बाबू म्हणाले.

"शिक्का मारा," बाई म्हणाल्या.

"पेपरलेस आहे न मॅडम."

"मंग मशीनवर मारा."

बडे बाबूंनी मेलचा प्रिंट काढला. प्रिंटरमध्ये अर्थातच कागद नव्हता. तो मी भरला. त्यावर 'प्राप्त' असा शिक्का बसला, तारीख पडली, सही झाली. तेवढ्यात भक्तनिवासाच्या माणसाने शेवटचा प्रयत्न केला होता. पुन्हा टिंग. साहेब लगबगीने पुढे आले. "आलं! आलं! दोन्ही खोल्या आल्या!" त्यांचा आनंद खरा होता. इनबॉक्समध्ये आता वर भीमाशंकर होतं आणि खाली जय भीम, एकमेकांना खेटून, आणि डबा काही भरला नाही.

बाईंनी प्रिंट घडी करून पर्समध्ये ठेवला. जाताना मला म्हणाल्या, "तू कोणाची वं?" मी बाबांचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "तरीच. त्यांच्या पत्रकात मी चणे खाल्लेले आहेत." आणि हसल्या, त्या दिवसात पहिल्यांदा.

बाईंचं कंत्राट पुढे चालू झालं. म्हणजे पुढल्या मे महिन्यापर्यंत त्या 'इच्छुक' आहेत. माझ्या मालकाचा मला दुसऱ्या दिवशी फोन आला. "काय वं, काय करून आली तिथं? ते म्हणते पुढच्या वेळी दुसरा माणूस पाठवा. मॅडम राजकारण करते."

"मी एक रूल डिलीट केला."

"तेच म्हणून राहिले ते."

तिथे आता एक सर जातात. गाडी लावून लगेच आत येतात, दाराकडे बघायला लागत नाही. कूलरचं तोंड अजून कॉम्प्युटरकडेच आहे, असं ऐकलं.

मला बाईंची चिंता वाटत नाही. त्या बाकावर येऊन बसल्या, म्हणून सापडलं. साहेबांचं भीमाशंकर अडलं, म्हणून सापडलं. ते अडलं नसतं तर कोणी मला बोलावलंच नसतं, हेही लक्षात ठेवा. मला आठवतात ते बाकावर न आलेले. तो रूल किती काळ चालू होता, कोणाला ठाऊक नाही. कायमचं डिलीट झालेलं परत काढता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला. कोणी लेकीच्या प्रवेशाची विनंती केली असेल. कोणी आजारपणाची रजा मागितली असेल. उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी काय समजून घेतलं असेल? आपलंच काही चुकलं असेल, असं. बहुतेक लोक तेच समजतात. ते ऑफिसात येऊन भांडत नाहीत. ते पुन्हा लिहीतही नाहीत.

तर एक काम करा. उद्या ऑफिसात गेल्यावर चहाच्या आधी मेलची सेटिंग उघडा आणि त्यात 'रूल्स' किंवा 'फिल्टर' असं जे असेल ते बघा. जमत नसेल तर तुमच्याकडे येणाऱ्या सरांना बोलवा, मॅडम असतील तर त्यांना. तिथे अडवलेले जे शब्द सापडतील ते शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचा. वाचताना आवाज खाली गेला, तर तो रूल त्याच क्षणी काढा, कमिटीची वाट न पाहता. आणि ज्यांनी तुम्हाला लिहिलं असेल असं वाटतं त्यांना स्वतःहून एक मेल करा, की तुमचं पत्र आम्हाला मिळालं नाही, चूक आमची होती, कृपया पुन्हा पाठवा, जसंच्या तसं.

आणि हे वाचून फेकायचं असेल तर खुशाल फेका. तुम्ही वाचलंत.